भाकरीचं पान

गेल्या आठवड्यात वाचनालयातले दोघे घरी येऊन गेले. दरवर्षी येतात. ‘अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं’ यांवर ताई, तुम्ही अर्धा तास बोला, असं त्यांचं म्हणणं. मला आता अर्धा तास सरळ बसवत नाही, बोलायचं तर लांबच राहिलं. खाटेशेजारच्या स्टुलावर पुस्तकांची चळत आहे, ती त्यांनी कौतुकानं पाहिली. लोक पाठवतात. पहिल्या पानावर ‘आपला परखड अभिप्राय कळवावा’ असं लिहिलेलं असतं, आणि तो कळवला की पुढच्या लग्नकार्यात तोंड फिरवतात. मला हल्ली आत्मचरित्रांचा शीण येतो, हे मी त्या दोघांना सांगून टाकलं. लहानपणी सगळ्यांचंच दारिद्र्य, मग सगळ्यांचीच जिद्द, मग हारतुरे. भांडणं झाली असतील तर प्रत्येक भांडणात लिहिणाऱ्याचंच बरोबर. कादंबऱ्या त्या मानानं बऱ्या, त्यात खोटं आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि वाचणाऱ्यालाही. ते हसले, चहा घेतला, आणि ‘मग रविवारचं नक्की ना’ म्हणून निघून गेले.

अजूनही कुणाचं आत्मचरित्र हातात आलं की मी आधी त्यातलं स्वयंपाकघर शोधते. लिहिणाऱ्याच्या घरात चुलीपुढे कोण बसत होतं, त्याचा कुठे पत्ता लागतो का ते पाहते. पुष्कळदा लागत नाही. मग मी पुस्तक मिटते आणि डोळे मिटून पडते. सून म्हणते, तुम्ही वाचायच्या आधीच थकता. खरं आहे ते. ही खोड मला माझ्या आईच्या आणि वेणूआत्याच्या पायी लागली. रविवारी अर्ध्या तासात ते सांगता यायचं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही तेव्हा लोणावळ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, मालधक्क्यावर कारकून होते. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून पत्र्याची पडवी. पुढून गाड्यांचा आवाज आणि वरून पावसाचा. घाट चढून आलेली गाडी स्टेशनात जरा वेळ दम खायची, आणि आई तेवढ्यावरून किती वाजले ते ओळखायची. पावसाळ्याचे चार महिने घरात काहीच कोरडं नसे. मिठाला पाणी सुटायचं, काडेपेटी पेटायची नाही. शेगडीवर टोपलं उपडं घालून त्यावर कपडे वाळवायचे, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास यायचा. दादांना खोकला होता. कामावरून आले की भिंतीला पाठ टेकून बसत आणि बराच वेळ जोडेसुद्धा काढत नसत. आई त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवी आणि आत जाई. आमच्या घरात कुणी कुणावर फारसं रागावलेलं नसे आणि कुणी फारसं आनंदातही नसे. सगळी नुसती दमलेली असत.

वेणूआत्या ही दादांची धाकटी बहीण. तिचं लग्न पुण्याच्या एका चांगल्या घरात झालं होतं. नवरा सरकारी अधिकारी, काम फिरतीचं. तीन वर्षं तिनं तिथे काढली. मूलबाळ झालं नाही, मग ताप यायला लागला आणि तो हटेना, तेव्हा सासरच्यांनी तिला लोणावळ्याची हवा चांगली म्हणून भावाकडे पाठवलं. हवा लागली, ताप गेला, पण न्यायला कुणी आलं नाही. दादा पुण्याला जाऊन आले. पहिल्या खेपेला त्यांना ‘दिवाळीनंतर पाहू’ असं सांगितलं. दुसऱ्या खेपेला दार उघडायला नवी सून आली, आणि दादा उंबऱ्यावरूनच परत फिरले. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं. सासरी तिचं नाव इंदिरा ठेवलं होतं. आमच्या घरात ते नाव कुणीही घेत नसे. मला ते कळलं तेही शेजारच्या बाईंकडून, आणि मी घरी येऊन विचारलं तेव्हा आईनं माझ्या हातात केरसुणी दिली.

आईचं आणि आत्याचं गूळपीठ होतं असं काही मी म्हणणार नाही. एका चुलीपुढे दोन बायका म्हणजे धुसफूस आलीच. भाजीत मीठ कुणी घातलं आणि कुणी पुन्हा घातलं, यावरून आठ आठ दिवस अबोला चाले. ‘वन्सं, तुम्ही बसा हो, मी करते’ असं आई म्हणाली की समजायचं, बिनसलं आहे. आत्या मग खरंच बसून राही, तांदूळ निवडत. दोघींच्या भांडणातही दम नसे. संध्याकाळी पुन्हा एकीनं पीठ काढलेलं असे आणि दुसरीनं विस्तव घातलेला असे.

त्या धुसफुशीला उतारा म्हणजे दुपारचं वाचन. आईला वाचता येत होतं आणि ती वाचायची फार छान. आत्याला अक्षर येत नव्हतं. तिला शिकवायचा प्रयत्न मी केला होता, पण ‘आता काय करायचंय’ म्हणून ती उठून जायची. तर जेवणं आटोपली की आई पडवीच्या उंबऱ्यापाशी बसून कादंबरी वाची, आत्या सूप घेऊन समोर बसे आणि पडवीत आमची दूधवाली सखूबाई. सखूबाई मूळची आंदर मावळातली, नवरा रेल्वेच्या गँगमध्ये म्हणून इकडे आलेली. दूध घालून झालं तरी ती जायची नाही, पुढचं ऐकायला बसायची. तिची मतं ठाम असत. एका कादंबरीतली मुलगी लग्न मोडलं म्हणून विहिरीकडे निघाली, तेव्हा सखूबाई वैतागून म्हणाली होती, “आवं वैनी, हिरीत कशापायी उडी घ्यायची? आमच्या तितं आस्ती तर दुसऱ्यासंगं पाट लावला आस्ता. लय येडी पोर.” आईला इतकं हसू आलं की तिला पुस्तक खाली ठेवावं लागलं.

याच सखूबाईनं आत्याला तांदळाची भाकरी शिकवली. आमच्याकडे मुळात पोळीभाताची सवय, पण पगारात गहू पुरत नसे आणि मावळात तांदूळ मुबलक. सखूबाई काही आमच्या चुलीपर्यंत येऊ शकत नव्हती, तेव्हाची रीतच तशी. म्हणून ती पडवीत बसून हवेत हात थापून दाखवी आणि आत उकड मळत बसलेली आत्या तिच्याकडे बघून थापी. “बोटं न्हाई, तळवा. तळव्यानं सरकवा,” असं सखूबाई बाहेरून ओरडायची. सुरुवातीच्या भाकऱ्या चिरफाळल्या, त्या आत्यानंच खाल्ल्या. पुढे तिचा हात असा बसला की पातळ, पांढरी, टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून उतरली की दादासुद्धा मान वर करून बघत. मोडलेली भाकरी मात्र ती शेवटपर्यंत स्वतःच्याच ताटात घेत राहिली. हे मी लांबण लावून सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या भाकरीवर अडलं.

गुरुवारी दुपारी लोणावळ्याचं वाचनालय पुरुषांना बंद आणि बायकांना उघडं असे. चिटणिसांच्या पत्नी दुर्गाताई ते सगळं पाहत. नवं पुस्तक आलं की आधी त्या स्वतः वाचत आणि मग बाहेर काढत. त्यांचा एक नियम होता. पुस्तक परत करायला आलेल्या बाईनं उभं राहून सगळ्यांसमोर अभिप्राय सांगायचा, त्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. ‘आवडलं’ एवढ्यावर सुटका नसे, का आवडलं ते सांगावं लागे. ज्या बायकांना वाचता येत नव्हतं त्यांनाही हा नियम लागू होता, कारण दुर्गाताईंच्या मते ऐकलं तेही वाचलंच. सुरुवातीला बायका पदराआड बोलत, मग चटावल्या. डॉक्टरांच्या पत्नीला प्रत्येक कादंबरीतली नायिका फार रडते असं वाटे, आणि रडण्यानं डोळे कसे जातात ते त्या सांगत. आईच्या अभिप्रायाची तर वाट पाहत. ‘या बाईनं सासूला तिसऱ्या प्रकरणातच उत्तर दिलं असतं, तर पुढचं पुस्तक लिहावंच लागलं नसतं,’ असं काहीतरी ती बोलायची. आत्या मात्र दाराशी, छत्र्या ठेवत तिथे बसायची आणि तिची पाळी आली की म्हणायची, ‘वहिनींनी सांगितलं तेच माझं.’

एका गुरुवारी पुण्याहून नव्या पुस्तकांचं पुडकं बाहेर निघालं. दुर्गाताई एकेक नाव मोठ्यानं वाचत होत्या. एक आत्मचरित्र होतं, एका निवृत्त अधिकाऱ्याचं. लेखकाचं नाव वाचता वाचता त्यांचा आवाज मध्येच खाली आला. त्यांनी पुस्तक वाचलं होतं, पण हे गृहस्थ म्हणजे कोण हे बहुधा त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. बाकीच्या बायकांच्याही आलं. लोणावळं तेव्हा केवढंसं होतं. कुणी आत्याकडे पाहिलं नाही, आणि इतक्या जणींनी एकाच वेळी न पाहणं हे पाहण्यापेक्षा वाईट असतं. आत्या दारापाशी बसली होती तिथून म्हणाली, “वहिनी, ते आपल्याकडे घ्या.” इतक्या वर्षांत तिनं स्वतः मागितलेलं ते पहिलं पुस्तक.

दादांनी संध्याकाळी ते फळीवर पाहिलं. त्या दिवशी त्यांनी आल्या आल्या जोडे काढले आणि आतल्या खोलीत गेले. जरा वेळानं आईला एवढंच म्हणाले, की वाचायचं असेल तर मी नसताना वाचा.

दुसऱ्या दिवसापासून वाचन सुरू झालं. आत्याचं काहीतरी बदललं आहे हे मलासुद्धा दिसत होतं. ती भांडी भराभर घासून मोकळी होई. सूप घेऊन बसायची नाही. हात मांडीवर, एकात एक धरलेले. रोज वाचन थांबलं की विचारी, “अजून पुष्कळ आहे का?” आणि आई पुस्तकाची जाडी बोटांत धरून दाखवी. आत्या काय ऐकायला बसली आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिला काही मोठं नको होतं. तिला फक्त कळायचं होतं की तीन वर्षं ती त्या घरात होती, हे त्या माणसाला आठवतं का.

पुस्तक मोठं रुबाबदार होतं. लेखकाचं बालपण आलं, त्याची आई आली, परीक्षा आल्या, पहिली नेमणूक आली. मग एक सबंध प्रकरण त्याच्या घोड्यावर आलं. घोड्याचं नाव बादल. त्याचा रंग, त्याची चाल, फिरतीवर असताना त्यानं एका कारकुनाचं पागोटं कसं चावलं ते, आणि शेवटी तो मेला तेव्हा लेखक दोन दिवस जेवला नाही ते. आई वाचता वाचता फणकारली. एवढं घोड्याचं कौतुक, म्हणाली. आत्या म्हणाली, “वाचा ना.” पागोट्याच्या ठिकाणी ती चक्क हसली. तिला पुस्तक ऐकताना हसलेलं मी क्वचित पाहिलं होतं. घोड्याचं प्रकरण संपलं आणि आईनं पुढची पानं नुसती नजरेखालून घातली, मग डोकं दुखतंय म्हणून पुस्तक मिटलं. सखूबाई कुरकुरत उठली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी पडवीतच होते. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की आईला आवाज चढवून वाचावं लागत होतं. ती जरा वेळ बदलीबद्दल आणि नव्या बंगल्याबद्दल वाचत राहिली. मग पान उलटून थांबली, घसा खाकरला आणि वाचू लागली:

‘या काळात माझे घर इंदिरेने सांभाळले. ती बोलत थोडे. फिरतीवरून मी कितीही उशिरा परतलो, तरी चुलीत विस्तव असे. तिच्या हातची तांदळाची भाकरी इतकी पातळ व मऊ असे, की तशी पुढे मी कोठेही खाल्ली नाही. एखादी मोडली तर ती मुकाट्याने आपल्या ताटात घेई. ती आजारी होऊन माहेरी गेली. तिला मी आणावयास हवे होते. ते माझ्या हातून झाले नाही, याची रुखरुख मला या वयातही आहे.’

सखूबाईचं तोंड उघडलं. “तांदळाची भाकर? आवं पर ती तर—” एवढं ती म्हणते तोच आत्यानं तिला मध्येच विचारलं, “सखू, तुझ्या वासराचं काय झालं गं? उठलं का?” सखूबाई गडबडली. वासराचं सांगू लागली, व्हय उठलं, पर अजून दूध ओढत न्हाई. मला वाटलं, आत्याला लाज वाटली म्हणून तिनं विषय बदलला. आत्या उठून मागे गेली आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली. रात्रीच्या पिठल्यात मीठच नव्हतं, आणि आईनं ते वरून वाढलं.

मी पंधरा वर्षांची होते. त्या वयात माफी मागणारा पुरुष फार थोर वाटतो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती मी ‘रुखरुख’ पुन्हा वाचायची म्हणून पुस्तक घेऊन खिडकीशी बसले. पान सापडेना. पुढून शोधलं, मागून शोधलं. ओलीनं चिकटलेली पानं फुंकर मारून सोडवली. घोड्याच्या प्रकरणानंतर बदलीचं होतं, आणि त्यात एका परिच्छेदाच्या शेवटी एवढंच होतं: ‘प्रथम विवाहाचा योग अल्पकाळच टिकला. असो.’ पुढचं वाक्य नव्या बंगल्याच्या आवारातल्या आंब्यांबद्दल होतं.

आई चुलीपाशी कुळीथ निवडत होती. मी पुस्तक तिच्यापुढे उघडं ठेवलं आणि म्हटलं, आई, हे यात नाही. तिनं पुस्तकाकडे पाहिलंही नाही. मला अजून तिचा तेव्हाचा चेहरा दिसतो. पकडली गेल्याचा भाव त्यावर नव्हता, नुसता शीण होता. “मी आदल्या दिवशीच पुढचं पाहिलं होतं,” ती म्हणाली. “घोडा झाला, आता तुम्ही नाहीच, असं मी त्यांना कशी सांगू? रोज हात मोकळे करून बसत होत्या समोर.” मग कुळथातला खडा काढून बाजूला ठेवत म्हणाली, “माझ्याशी भांडतात, ते वेगळं. पण ‘असो’ म्हणजे काय?”

आईनं केलं ते मलाही बरोबरच वाटलं असतं, पण त्या संध्याकाळी आत्यानं ताटं घेता घेता जाहीर केलं की या गुरुवारी या पुस्तकाचा अभिप्राय ती सांगणार. आई म्हणाली, “वन्सं, मी सांगेन की नेहमीसारखं.” आत्या म्हणाली, “नको. हे माझं मी सांगते.” आईच्या हातातली पळी तशीच राहिली. दुर्गाताईंनी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेलं होतं. डॉक्टरांच्या पत्नीनं पुण्याच्या आपल्या बहिणीकडे वाचलेलं होतं. आत्या उभी राहून भाकरीचं आणि रुखरुखीचं बोलली असती, तर त्या सगळ्यांना ठाऊक असतं की असं काही त्या पुस्तकात नाही. टाकलेली बाई म्हणून तिच्याकडे न पाहणाऱ्या बायका आता तिची कीव करायला मोकळ्या झाल्या असत्या, आणि ते आईमुळे झालं असतं. मी आईला म्हटलं, खरं सांगून टाक. ती म्हणाली, “तुझी जीभ उचलत असेल तर तू सांग.” माझी उचलली नाही. दोन दिवस आम्ही दोघी आत्याभोवती घुटमळत राहिलो. आईनं तर गुरुवारी सकाळी आपलं अंग दुखतंय, आज नको जायला, असंही करून पाहिलं. आत्यानं तिला सुंठेचा काढा करून दिला आणि ‘मी कुसुमला घेऊन जाते’ म्हणाली. कुसुम म्हणजे मी. मग आई निमूटपणे काढा पिऊन उठली.

वाचनालयात त्या दिवशी पावसातही गर्दी होती. ओल्या लुगड्यांचा आणि कसर लागलेल्या कागदांचा एकत्र वास येत होता. आधी दोघींचे अभिप्राय झाले, ते मला आठवत नाहीत. मी आईचा हात पाहत होते, तो पदराचं टोक पिळत होता. मग दुर्गाताईंनी आईचं नाव घेतलं, आणि आई उठायच्या आत आत्या दाराजवळून उठून पुढे आली. पुस्तक तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं, देवाचं ताट धरावं तसं. आणि तिनं अभिप्राय सांगितला. तिचा आवाज मोठा नव्हता, पण बाहेर पाऊस असून सगळ्यांना ऐकू गेला.

“पुस्तक बरं आहे,” ती म्हणाली. “घोड्याचं प्रकरण सगळ्यांत चांगलं आहे, कारण ते खरं आहे. बादल तसाच होता. पागोटं चावलं ते माझ्या डोळ्यांदेखत. त्याला रोज सकाळी हरभरे मी घालायची. वर गुळाचा खडा लागायचा, नाहीतर तोंड लावायचा नाही. गुळाचं लिहायचं राहून गेलंय.”

ती थांबली. आईनं डोळे मिटून घेतले होते. दुर्गाताईंनी हलकेच विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. आत्यानं जरा विचार केला. “शेवटी शेवटी फार लांबलंय,” म्हणाली, आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. डॉक्टरांच्या पत्नीला हसू फुटलं, मग सगळ्याच हसल्या. त्या हसण्यात कीव नव्हती. दुर्गाताईंनी त्या दिवशी स्वतः कपाटातून एक कादंबरी काढून आत्याच्या हातात दिली. आत्या परत दाराशी गेली नाही, पुढेच सतरंजीवर बसली.

परतताना पाऊस जरा ओसरला होता. तुंगार्लीच्या टेकड्यांच्या अंगाला ढग खाली उतरले होते. मी मागून चालत होते, पुढे त्या दोघी एका छत्रीत. स्टेशनाच्या कुंपणापाशी आल्यावर आत्या म्हणाली, “तिकडे स्वयंपाक सासूबाईंच्या हातचा असायचा, वहिनी. मला चुलीपुढे बसू देत नसत. तांदळाची भाकरी मी इथे येऊन शिकले. सखूकडून.”

आई उभीच राहिली. छत्री आत्याच्या हातात, त्यामुळे आई भिजू लागली. तिथूनच तिनं विचारलं, “मग लगेच का नाही बोललात?”

“छान वाचत होतात,” आत्या म्हणाली, आणि छत्री तिच्या डोक्यावर धरली.

“आवडलं?”

“नुसतं आवडलं म्हणून चालत नाही. कारण सांगावं लागतं.” असं म्हणून ती चालू लागली.

मला त्या वेळी आत्याचा रागच आला होता. तिनं सगळ्यांसमोर त्या माणसाचं पितळ उघडं पाडायला हवं होतं असं मला वाटत होतं. आता तिच्यापेक्षा कितीतरी म्हातारी झाल्यावर वाटतं, की तसं करायला फार खटाटोप लागतो आणि तेवढं बळ तिच्यात उरलेलं नव्हतं. माझ्यातही नाही. रविवारी मी बोलायला गेले तर तिच्यासारखंच काहीतरी दोन वाक्यांत सांगून बसेन.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, माझी शाळा सकाळची. दुपारी आई दुर्गाताईंनी दिलेली कादंबरी घेऊन उंबऱ्यापाशी बसली. सखूबाई पडवीत आली, दुधाचं भांडं उपडं घातलं आणि पाय दुमडून बसली. आत्या सूप घेऊन आली. आईनं पहिलं पान उघडलं. आत्या तांदळावरून हात फिरवत, वर न बघता म्हणाली, “हे मग. आधी ते भाकरीचं पान वाचा.”

आई म्हणाली, “ते पुस्तक काल परत केलं ना, वन्सं.”

“मग काय झालं? तुम्हांला पाठ असेल.”

आईनं माझ्याकडे पाहिलं, सखूबाईकडे पाहिलं. मग कादंबरीचं पान डोळ्यांसमोर नीट धरलं, घसा खाकरला, आणि वाचू लागली. या खेपेला इंदिरा पहाटे उठून आधी तबेल्याकडे जात होती, बादलाला हरभरे घालत होती, वर गुळाचा खडा देत होती, आणि मग येऊन भाकऱ्यांना बसत होती. आत्याचा हात सुपात थांबला होता. सखूबाईनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“व्हय,” ती म्हणाली. “आता बरूबर हाय.”